बसण

अण्णा खडकीच्या कारखान्यात लेथवर होते,
हजाराव्या इंचात राहणारा माणूस.
रविवारी मात्र पिसोळीच्या पुढच्या माळावर
सायकल आडवी टाकून उकिडवे बसायचे,
गवताचं एखादं काडं चिमटीत धरायचे.
"बघ, कसं छाटलंय. तिरपं, एका घावात.
शेळी ओढते, चिंध्या करते.
हा टूल पाजळून येतो."

मग लेंड्या. गोल, किंचित चपट्या.
काळपट, ओलसर म्हणजे काल रात्रीच्या.
पिवळ्या, भुसा सांडणाऱ्या म्हणजे पोळ्याच्याही आधीच्या.
एक फोडून नाकाशी नेत म्हणायचे,
"हरळी. होल्यांच्या बांधावरनं आलाय."
मी सात वर्षांची. मला वाटायचं
सगळ्यांचेच वडील रविवारी लेंड्या हुंगतात.

पावलांचं उलटं असतं,
मागचे पाय पुढे उमटतात.
दोन मोठे ठसे जिकडं, तिकडं तो गेला.
आणि जाताना सरळ जात नाही.
थांबतो. आपल्याच पावलांवरून
वीसेक हात माघारी येतो,
मग बाजूला एकच लांब उडी.
तिथून पुढे माळ कोरा.
"इथं नवशिका घरी जातो," अण्णा म्हणायचे.

आम्ही जायचो नाही.
कुसळीच्या बुडाशी, बोराटीच्या आडोशाला
गवत दाबून केलेला खोलगा सापडायचा,
पाठीच्या मापाचा.
ही त्याची बसण.
"हात ठेव. ऊब आहे?
मग लांब नाही."

फास सायकलच्या ब्रेकच्या तारेचा.
मासाळांचा ज्ञानू बॅटरी धरायचा.
ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो म्हणे,
तारेतही डोळे तसेच असायचे,
मला पुष्कळ वेळ फरक कळायचा नाही.
आई घरात शिजवू द्यायची नाही,
मागे तीन विटा मांडायच्या,
मीठ मात्र तीच आणून द्यायची, न बोलता.
कायदा मला फार नंतर कळला.
चव अजून आठवते, हेही लिहून ठेवते.

गेल्या मार्गशीर्षात पहाटे दार उघडं.
अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे,
लेथ विसरलेले, माझं नाव अधूनमधून.
मुलगा चौकीत गेला. वॉचमन म्हणाला,
गेटमधून कुणी गेलं नाही, मॅडम.
मी बॅटरी घेऊन मागच्या पडक्या भिंतीशी आले.

पलीकडे प्लॉटिंग. चुन्याच्या रेघा,
नंबर घातलेले दगड,
मधे उरलेलं गवत दवानं पांढरं,
आणि त्यात दव झडलेली एक हिरवी रेघ.
डावी स्लिपर घासत गेलेली.
बाभळीला माकडटोपीचा खाकी धागा.
पुढे अर्धं ग्लुकोज बिस्कीट,
मुंग्या नुकत्याच लागलेल्या.
म्हणजे अर्धा तास. फार तर.

सेहेचाळीस नंबरच्या दगडाशी रेघ संपली.
पुढे दव जसंच्या तसं.
मी उभी राहिले. हाक मारणार होते.
इथं नवशिका घरी जातो.

मागे वळले, त्यांच्याच पावलांवरून,
वीसेक हात.
बाजूला पाइपलाइनसाठी खणलेला चर.
त्या गुडघ्यांनी?
चराच्या पलीकडच्या मातीत
एक टाच खोल रुतलेली.

कुसळीत बसले होते, गुडघे छातीशी,
डोळे उघडे.
क्षणभर मला तोच जुना फरक कळेना.
मग म्हणाले, "हळू. उठवशील त्याला."

शेजारी एक खोलगा होता, वीतभर.
वाऱ्यानं केलेला असेल, कुत्र्यानं,
किंवा खरंच.
त्यांनी माझा हात धरून त्यात ठेवला,
वर आपला हात दाबून धरला.
"ऊब आहे?"

खाली माती थंडगार, दवानं भिजलेली.
वर त्यांचा तळवा,
लेथच्या जुन्या घट्ट्यांसकट.

"आहे," मी म्हटलं.

"मग लांब नाही."